चालतं भस्म

"चालतंय! अगं बाई, भस्म चालतंय!"

१९६३ सालची गोष्ट. जयनगरात पद्मावतीअक्कांच्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. कॉफीच्या वीस झाडांवर कुणा स्वामीने आठ दिवसांपूर्वी भस्म उधळलं होतं, आणि आता पांढरे पुंजके खरोखरच फांद्यांवरून चालत होते. "रोगाचं आम्ही भस्म केलं, भस्मात प्राण घातला!" स्वामी गरजला. लोक पुंजके खुडून पुड्या बांधत होते, पोरांच्या कपाळी चोळत होते.

मी कीटक संशोधनाच्या कचेरीत कामाला. ही झाडं अक्कांच्या मुलाने, जयतीर्थने लावलेली. तो गेल्या वर्षी काविळीने गेला. यंदा पहिल्यांदा फळं धरली, तर त्यांना पिठ्या ढेकूण लागले. पांढरी, रस शोषणारी कीड. "नीरजा, त्याच्या झाडाची एक कप कॉफी पिऊ दे गं मला," म्हणत अक्का रडल्या. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मीच इथे ढालकिडे सोडले होते. ते ही कीड खातात.

"स्वल्प थांबा! खुडू नका!" मी ओरडले. एक पुंजका तळहातावर घेतला, ओल्या कुंचल्याने पुसला. पांढरं मेण निघालं, खाली सहा पायांची अळी वळवळली. तिच्यापुढे पिठ्या ढेकूण ठेवला. तिने सगळ्यांदेखत तो कुरतडला.

"ही ढालकिड्याची पिलं. रोग ही खात होती. ह्या स्वामींची राख नुसती गोवरीची!"

स्वामीने ताबडतोब मौनव्रत धरलं आणि चपला शोधू लागला. लोक हळूहळू पांगले. वीस झाडं शोधून मला चार अळ्या मिळाल्या. नवे किडे तयार व्हायला महिना लागणार होता. तोवर कीड वाढली, फळं गळून गेली आणि झाडंही वाळली.

"तू म्हणाली होतीस, किडे काळे असतात," अक्का त्या दिवशीच म्हणाल्या होत्या. त्यांच्या कपाळावर पांढरा पट्टा होता. "मीच चिरडल्या गं. माझ्या बाळाच्या झाडावरच्या."

पिलं पांढरी असतात, हे मी सांगितलंच नव्हतं. त्यांना काय कळणार, असं वाटलं होतं मला.

लोकहो, हात जोडण्याआधी विचारा, हे आहे तरी काय? आणि माझ्यासारख्या शिकलेल्यांनो, सांगायचं तर पुरतं सांगा. आपण जे सांगत नाही, ते मग असला कुणी स्वामी येऊन सांगतो. अक्कांनी ती कॉफी कधीच प्यायली नाही.