कडुबाचं कारंजं

गल्ली टँकरची वाट बघत होती आणि आले पेढे.

नगरसेवक बद्रीनाथ पांढऱ्या गाडीतून उतरला, तेव्हा अमृता गल्लीच्या तोंडाशी हंडे मांडून उभी होती. नळाला पाणी येऊन आठवडा उलटला होता. वाळूजच्या कंपनीतली पाळी बुडाली होती आणि डोक्यावर ऊन चढत होतं.

"ताई, तोंड गोड करा," बद्रीनाथनं पेढ्यांचा बॉक्स उघडला. "गारखेड्याच्या नव्या बागेत तुमच्या वडिलांच्या नावानं म्युझिकल कारंजं उभं केलंय. धून त्यांचीच. धून वाजंल तसं पाणी नाचणार! उद्या सांजच्याला उद्घाटनाला तुम्ही आन् माय, दोघी पायजेत."

"पाणी नाचणार?" अमृतानं विचारलं. "आन् टँकर?"

"त्याचंही बघतो ना."

शेजारची सत्यभामा पेढा घ्यायला पुढं झाली होती. अमृताचा चेहरा बघून तिनं हात मागं घेतला.

अमृताच्या वडिलांना, कडुबाला, जाऊन अकरा वर्षं झाली होती. जिवंत होता तोवर या शहरानं त्याला कधी पेढा दिला नव्हता.

गुलमंडीतल्या एका बँडपथकात तो पोरवयात क्लॅरिनेट शिकला. पुढं छावणीतल्या एका म्हाताऱ्या गोवेकर बँडमास्तरानं त्याला ग्रामोफोनवर जाझच्या तबकड्या ऐकवल्या आणि आपला जुना सॅक्सोफोन त्याच्या हातात दिला. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी आपल्या दुःखाचं वाजवणं केलंय, एवढं मास्तरानं सांगितलं. बाकीचं कडुबाला आपोआप कळलं. ते त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. लग्नं थांबली, बँड बसला. कडुबा आणि त्याची नवी नवरी वच्छलाबाई करमाडकडच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला गेले. बाया रांगेत बसून खडी फोडायच्या. सात घाव पुरे पडायचे, आठवा अर्धाच. तेवढ्यात दुसरा हात नवा दगड पुढं ओढायचा. सगळी रांग त्याच चालीवर. कडुबानं एका दुपारी कामावर मिळणारी सरकारी सुकडी खाऊन झाल्यावर सॅक्सोफोन काढला आणि त्या साडेसातावर वाजवायला लागला. तालात बसेना, आणि तरी बसायचं. मुकादम म्हणाला, येडं झालं. बाया मात्र हसता हसता रडायला लागल्या.

त्यातून त्याची धून झाली. पुढं वीसेक झाल्या. असं वाजवणारा दुसरा कुणी नव्हता. ना मुंबईत, ना आणखी कुठं. शहर वाढलं, कारखाने आले, लेणी बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी मोठी हॉटेलं झाली. तशाच एका हॉटेलात कडुबा लाल कोट घालून वाजवायचा. पाहुणे जेवण सोडून ऐकत बसायचे. मॅनेजर चिडायचा, "क्या टेढामेढा बजाते मियाँ, सीधा पिक्चर का गाना बजाओ." एक दिवस त्यानं लाल कोट उतरवून घेतला. कडुबा घरी आला आणि नुसता हसला. अमृता तेव्हा आठवीत होती. त्या हसण्याचा तिला आलेला राग अजून उतरला नव्हता. "अण्णा, तुम्ही भांडला का नाय?" तिनं विचारलं होतं. "तू भांड," तो म्हणाला होता आणि त्यानं सॅक्सोफोन तिच्या गळ्यात अडकवला होता.

उद्घाटनाला जायचं नाही असं अमृतानं ठरवलं होतं. पण वच्छलाबाई नवं लुगडं नेसून बसली. "नवऱ्याचं नाव लिवलंय म्हणत्यात. बघू तरी दे."

बागेत दिवे, खुर्च्या, मंडप. कुंपणामागं दोन टँकर रिकामे होऊन उभे होते आणि पुढं हौद काठोकाठ भरलेला. निळं, गार पाणी. वच्छलाबाईनं काठाशी वाकून ओंजळ भरली, तर शिपाई ओरडला, "आजी, हात नका लावू, मशीन हाय."

तिनं पाणी सोडून दिलं आणि हात लुगड्याला पुसला. 

बटण दाबलं गेलं. पाणी उसळलं, दिवे फिरले आणि धून सुरू झाली. धून अण्णांचीच होती, पण ताल सरळ केलेला, चार मात्रांचा, लग्नात नाचायला बरा. तो अर्धा घाव कुठंच नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते.

धून बसवणारा अंगद पुण्याहून आला होता. अमृतानं त्याला मंडपाच्या कडेला गाठलं. "अर्धी मात्रा कुठं गेली?"

तो ओशाळला. "मला माहीत होतं, ताई. आधी तशीच बसवली होती. हे नगरसेवक म्हणाले, लोकांचा पाय अडखळतो, सरळ करा."

"आन् तुम्ही केली."

तो वळून साउंडच्या टेबलाकडं गेला.

तेवढ्यात माईकवर तिचं नाव पुकारलं गेलं. शाल तयार होती. अमृता वर गेली. शाल घेतली नाही, माईक घेतला.

"माझी माय ज्या रस्त्यावर खडी फोडत होती, तिथली ही धून हाय. पाणी नव्हतं म्हणून झालेली. तिचा अर्धा घाव, तिचं हाडूकच काढून घेतलं तुम्ही आन् कातडं पाण्यावर नाचवताय. आमच्या गल्लीत आठ दिस झाले, थेंब नाय. हे पाणी आमचं हाय. सत्यभामा, हंडे घेऊन या गं समद्या!"

माईक बंद पडला, पण गल्ली बागेपासून लांब नव्हती आणि अर्ध्या बाया मंडपात मागं उभ्याच होत्या. अमृता चपला काढून हौदात उतरली. फवारा तिच्या तोंडावर आदळत होता, वर ती सरळ केलेली धून चालूच होती. तिनं पहिली कळशी भरून आईच्या हातात दिली. मग हंडे आले, बादल्या आल्या, ड्रम आले. शिपाई शिट्ट्या मारून थकला. पाणी खाली गेलं तसं मशीन घरघरलं आणि बंद पडलं.

"बापाच्या नावाला काळं फासलंत, ताई," बद्रीनाथ दात आवळून म्हणाला.

"नाव उतरवा मंग."

त्यानं उतरवलं नाही. उलट पोलिसात तक्रार दिली. अमृताला दोनदा ठाण्यात बसवलं, कंपनीनं पाळी बदलली. ती काही मागं सरली नाही. भर दुपारी पाना घेऊन ती बागेत गेली आणि कारंज्यावरच्या नावाच्या पाटीचे नटबोल्ट सोडवले. रखवालदार बघत राहिला. त्याच्या घरीही त्याच हौदाचं पाणी गेलं होतं. पाटी तिनं बद्रीनाथच्या टेबलावर आदळली. महिन्याभरात कारंज्याला दुसऱ्या कुणाचं नाव लागलं.

चौदा एप्रिलला गल्लीतून जयंतीची मिरवणूक निघाली, तेव्हा अमृता सॅक्सोफोन घेऊन पुढं झाली. हलगीवाल्या सांडूला तिनं आठवडाभर शिव्या देत तो साडेसाताचा ताल शिकवला होता. ती वाजवायला लागली. नाचणाऱ्या पोरांचे पाय अडखळले. कुणी वैतागून डीजेच्या गाडीकडं गेलं, कुणी चल बंद कर म्हणून ओरडलं. तिनं डोळे वटारले आणि वाजवत राहिली. गर्दी निम्म्यानं गळाली. जे उरले, त्यांतल्या चार-सहा बायांना ती चाल पायात सापडली. रस्त्याच्या कडेला बसलेली वच्छलाबाई खुर्चीवरून उठली आणि त्यांच्यात जाऊन उभी राहिली.