चाळीस मिनिटांच्या उन्हातला बाक

मी बाक आहे. नोटबुर्गाच्या अतिथिगृहाच्या दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ लावून गेली त्रेसष्ट वर्षं उभा असलेला, लार्चच्या लाकडाचा, पाच माणसं बसतील एवढा बाक. मी उभं राहायचं आणि माणसांनी बसायचं, असा आमचा साधा सरळ व्यवहार. त्यातून एवढी भानगड कशी झाली, ते सांगतो.

आमचं हिंटरफाल्स गाव टिरोलच्या एका अरुंद खोऱ्यात आहे, रस्ता संपतो तिथे. वस्ती तेवीस माणसांची. समोरचा डोंगर असा छातीवर येऊन उभा आहे की नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत गावाला सूर्य दिसत नाही. फक्त डोंगराच्या माथ्यावर एक खाच आहे. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी त्या खाचेतून ऊन खाली उतरतं आणि नेमकं माझ्यावर पडतं. चर्चवर नाही, सरपंचाच्या घरावर नाही, माझ्यावर. चाळीस मिनिटं. मग संपलं, उद्या या.

त्यामुळे हिवाळ्यात दुपारी सगळं गाव माझ्याकडे येतं. पाच जण बसतात, बाकीचे सावलीत पाय आपटत उभे राहतात. दर आठ मिनिटांनी व्हिन्झेन्स हातातली घंटा वाजवतो, की पाळी बदलते. हा व्हिन्झेन्स चर्चची घंटा वाजवणारा, सत्तरीचा, नोटबुर्गाचा शेजारी. पाच पाळ्या, पंचवीस जागा, तेवीस माणसं. म्हणजे पाहुण्यांसाठी दोन जागा उरायला हव्यात. पण उरायच्या तीन. कारण नोटबुर्गा कधी बसायचीच नाही.

मला बनवलं तिच्या वडिलांनी, कोर्बिनियननं. कोसळत्या हिमकड्यानं एक लार्च आडवा केला होता, त्याचा मी. कोर्बिनियनला सासरची माणसं मुळीच आवडत नसत. दहा मिनिटांत पाठ भरून येईल आणि माणूस मुकाट्यानं घरी जाईल, असा बाक करायचं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण काम रागात केलं. रंधा जरा जास्त चालला, पाठीला उतार आला, बैठकीला खोलगटपणा आला. सासूबाई आल्या, बसल्या, "अगं बाई, किती छान!" म्हणाल्या आणि तीन आठवडे राहिल्या. कोर्बिनियन पुढे आयुष्यभर माझ्याशी बोलला नाही.

नोटबुर्गा आता सदुसष्टची. चार खोल्यांचं अतिथिगृह ती एकटी चालवते. स्वयंपाक, बर्फ लोटणं, कोंबड्या, चादरी, पाहुण्यांना रागावणं, सगळं तीच. कुणी म्हटलं, "अगं, टेक की जरा," तर तिचं ठरलेलं उत्तर: "टेकते, एवढं हातातलं झालं की." हातातलं पंचावन्न वर्षांत झालं नव्हतं.

गेल्या डिसेंबरात खोऱ्याच्या पर्यटन मंडळाचं पत्र आलं. निवांत हिवाळी सुट्टीसाठी तुमच्याकडे का यावं, याची दहा कारणं प्रत्येक घरानं कळवावीत. अधिकारी येऊन एकेक कारण तपासेल. खोटं निघालं तर पुस्तिकेतून नाव कमी होईल.

नाव गेलं तर खोल्या रिकाम्या राहणार, आणि घर बंद करून नोटबुर्गाला लिंट्सला बहिणीकडे जावं लागणार, सातव्या मजल्यावर. सातव्या मजल्यावर बाक कुणी नेत नाही. माझं काय होणार ते शेजारची लाकडाची रास बघून मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन गेल्यावर व्हिन्झेन्स कागद-पेन्सिल घेऊन माझ्यावर बसला. नोटबुर्गा ओलं फडकं हातात घेऊन समोर उभी.

"लिही, हवा चांगली आहे," ती म्हणाली.

"हवा सगळ्यांकडेच असते. आपल्याकडे काय नाही ते लिहू या. ते पुष्कळ आहे."

"म्हणजे?"

"डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणा नाही. म्हणजे कुणी तुम्हाला वर नेऊन खाली ढकलून देत नाही. हे पहिलं."

"फोन लागत नाही," नोटबुर्गा म्हणाली.

"लागतो, शेणाच्या ढिगाजवळ. लिहितो तसंच. त्यामुळे बोलणं थोडक्यात आटोपतं."

"चर्चचं घड्याळ तुझ्यामुळे वीस मिनिटं मागे असतं, ते लिही."

"लिहितो ना! इथे कुणालाच उशीर होत नाही."

असं करत दोघं नऊ कारणांपर्यंत पोचले. बर्फ पडलं की रस्ता बंद होतो, त्यामुळे घरी न गेल्याचा दोष आपल्यावर येत नाही. नोटबुर्गाचे पावाचे गोळे लाडवाएवढे असतात, दोन खाल्ले की माणसाला संध्याकाळपर्यंत कुठे जाता येत नाही. दहाव्यावर मात्र अडलं.

"बाक," व्हिन्झेन्स म्हणाला.

"बाकाचं काय लिहिणार?"

"बाक आहे, एवढंच."

मला भरून आलं. लाकडाला भरून आलं की ते करकरतं. व्हिन्झेन्सला वाटलं मी मोडतोय, तो झटकन उठला.

जानेवारीत अधिकारी आला. एगॉन नावाचा, चाळिशीतला, पाठीवर फायलींची पिशवी आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. माणूस पाच मिनिटं स्वस्थ बसला की ते घड्याळ थरथरायचं आणि बाईच्या आवाजात म्हणायचं, "चला, उठा!" कार्यालयात सगळ्यांना सक्तीचं होतं. रोजची दहा हजार पावलं भरली नाहीत तर साहेबांचं पत्र यायचं.

एगॉन अतिशय प्रामाणिक. त्यानं गोळे खाल्ले, दोन, आणि पुढचे चार तास जेवणाच्या टेबलापासून हलता येतं का ते करून पाहिलं. नाही आलं. त्यानं लिहिलं, "खरं आहे." ढिगाजवळ जाऊन बायकोला फोन केला. बोलणं थोडक्यात आटोपलं. "खरं आहे." त्याच दिवशी मीटरभर बर्फ पडलं आणि रस्ता बंद झाला. त्यानं फावड्यानं स्वतः उपसून पाहिलं, मग घामाघूम होऊन लिहिलं, "खरं आहे."

तिसऱ्या दिवशी तो माझ्यावर बसला. दुसऱ्या पाळीत, टोकाला. ऊन तोंडावर आलं. त्याचे खांदे खाली आले, मग हनुवटी. एवढ्यात घड्याळ ओरडलं, "चला, उठा!"

"कोण ओरडतंय?" शेजारी बसलेली टपालवाली ओटिलिया दचकून म्हणाली.

"माझं घड्याळ आहे हो. बसू देत नाही."

"लग्न केलंय की काय त्याच्याशी? काढून ठेवा."

"काढून ठेवलं तर पावलं कमी भरतात."

व्हिन्झेन्सनं विचार केला. त्याच्याकडे एक शेळी आहे, गोठ्याची कडी स्वतः उघडणारी, दिवसभर गावभर हिंडणारी. ते घड्याळ तिच्या पुढच्या पायात बांधलं. तिला "चला, उठा" ऐकायचं कारणच पडलं नाही. पहिल्याच दिवशी बावीस हजार पावलं झाली. चौथ्या दिवशी नोटबुर्गा ढिगाजवळ असताना तिचा फोन वाजला. कार्यालयातून एगॉनसाठी अभिनंदन होतं. रात्रीची पावलंही चांगली पडतायत म्हणाले, पण अधूनमधून भिंतीवर का चढता, एवढं कळवा.

एगॉन तेव्हा माझ्यावर पाठ टेकून डोळे मिटून होता. त्याला कुणी सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी त्यानं तक्ता काढला. दहाव्या कारणाखाली एकच प्रश्न रिकामा होता: "घरमालक स्वतः या सोयीचा लाभ घेतात काय?"

"बाई, तुम्ही बसता ना यावर?"

"मला वेळ कुठे आहे?" नोटबुर्गा चादरी झटकत होती.

"मग मला 'नाही' लिहावं लागेल."

"लिहा."

"अगं वेडे," व्हिन्झेन्स भडकला, "दोन मिनिटं टेकलीस तर काय बिघडतं? बूड आहे ना तुला?"

"माझ्या बुडाचं तू बघू नकोस. नाही बसायचं मला."

"का पण? लिंट्सला जायचंय का? सातव्या मजल्यावर?"

नोटबुर्गानं चादर खाली ठेवली. आवाज चढवला नाही तिनं. "आई बसली होती," ती म्हणाली. "बटाटे सोलायला. मी बारा वर्षांची होते. ऊन होतं. मी आतून हाक मारली, 'आई, पाणी उकळलं गं.' ती उठलीच नाही. सगळे म्हणाले, किती शांत मरण. मी बटाटे घेतले, सोलले, स्वयंपाक केला. तेव्हापासून मी उभी आहे. बसले की उठणार नाही, असं वाटतं मला. आता झालं समाधान?"

एगॉननं तक्ता मिटला.

हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. पण कुठला बाक स्वतःहून असं सांगेल? त्या बाईचं डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं होतं. मी काही केलं नाही, एवढंच म्हणू शकतो. पंचावन्न वर्षं मी नोटबुर्गाची पावलं ऐकतोय. ती माझ्यासमोरून जाताना थोडा वळसा घेऊन जाते, हे मला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी व्हिन्झेन्स घरोघर फिरला. सहाव्या दिवशी बारा वाजायच्या आत सगळं गाव नोटबुर्गाच्या अंगणात जमलं आणि न विचारता कामाला लागलं. सरपंच कोंबड्यांना दाणे घालू लागला. पाद्रीबुवा चादरींच्या घड्या करू लागले. एगॉन जवाचं सूप ढवळायला उभा राहिला.

"हे काय चाललंय?" नोटबुर्गा ओरडली.

"तुझ्या हातातलं झालं," व्हिन्झेन्स म्हणाला. "आता टेक."

"आणि पाहुण्यांना रागावायचं कोण?"

"ते मी बघते," म्हणत ओटिलिया आत गेली. पाहुणा म्हणजे एकटा एगॉनच होता. लगेच तिचा आवाज आला, "पळी अशी धरतात होय? आईनं काही शिकवलं नाही वाटतं!"

नोटबुर्गाला हसू आलं, आणि हसण्याच्या भरात ती दोन पावलं पुढे आली. मग थांबली. तिला घाम फुटला होता, उणे अकरा अंशांत. व्हिन्झेन्सनं हात पुढे केला. तो तिनं झिडकारला, आणि फडकं मुठीत आवळून ती माझ्या डाव्या टोकाला टेकली. अर्धीच. दोन्ही पाय असे रोवलेले, जणू आत्ताच पळायचंय.

बारा वाजून दहा मिनिटं झाली. ऊन आलं.

घंटा वाजली नाही. बाकीचं गाव सावलीत उभं होतं. जानेवारीतलं ऊन सोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. आमच्याकडे भाऊ भावाला एक मिनिट देत नाही. त्या दिवशी साऱ्या गावानं आपलं ऊन तिला देऊन टाकलं.

पाच मिनिटांनी तिची पाठ माझ्या पाठीला लागली. दहा मिनिटांनी मूठ सैल झाली, फडकं खाली पडलं. मी त्रेसष्ट वर्षांत माणसं पुष्कळ उचलली, पण असं वजन नाही पाहिलं. थोडं थोडं येत होतं, जणू ती विचारून विचारून ठेवत होती. मी जेवढा स्थिर राहू शकतो तेवढा राहिलो.

चाळीस मिनिटं झाली. ऊन गेलं. नोटबुर्गा हलली नाही.

"नोटबुर्गा?" व्हिन्झेन्सनं हळूच हाक मारली. उत्तर नाही. पाद्रीबुवांनी घडी केलेली चादर छातीशी धरली. एगॉन पळी हातात घेऊन बाहेर धावला, मागोमाग ओटिलिया. व्हिन्झेन्सनं टोपी काढली. "मी मारली हो हिला," तो म्हणाला. "मीच मारली."

"सूप जळतंय," नोटबुर्गा डोळे न उघडता म्हणाली.

सगळे जागच्या जागी थिजले. खरंच, आतून करपल्याचा वास येत होता. गावभराच्या माणसांपैकी एकही जण चुलीपाशी नव्हता. पंचावन्न वर्षांत त्या घरात काहीही करपलं नव्हतं.

"बाई, सूप," एगॉन म्हणाला.

"मग जळू दे की," ती म्हणाली, आणि पाय लांब केले.

ती उठली त्यानंतर तासाभरानं, थंडी वाजली म्हणून. उभी राहिली, गुडघे चाचपले, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "उठले." व्हिन्झेन्स नाक शिंकरत होता.

एगॉन गेला. त्याचा अहवाल खरा होता, पण छापखान्यात दहा कारणं गळाली आणि खालचे शेरे तेवढे राहिले. पुस्तिकेत आमच्या पानावर असं आहे: "हिंटरफाल्स. नोटबुर्गाचं अतिथिगृह. खरं आहे. खरं आहे. खरं आहे." दहा वेळा. काय खरं आहे, ते बघायला लोक येऊ लागले. या हिवाळ्यात चारही खोल्या भरलेल्या आहेत, आणि आल्यावर कुणी काही विचारत नाही. दोन गोळे खातात आणि गप्प बसतात.

नोटबुर्गा आता रोज चौथ्या पाळीत बसते, आठ मिनिटं. उठली की म्हणते, "उठले," आणि गाव आपल्या कामाला लागतं.

माझं म्हणाल तर डावा मागचा पाय आतून कुजला आहे. व्हिन्झेन्सनं खाली दगड सरकवलाय, पण किती दिवस? एक ना एक दिवस आमच्यापैकी कुणीतरी उठणार नाही, ती किंवा मी. माझी इच्छा आहे की आधी मी जावं, आणि तेही रिकामा असताना, म्हणजे कुणाला लागायला नको. मोडलो तर मला चुलीत घाला, पण तुकडे नीट वाळवून. ओलं लाकूड नोटबुर्गाच्या डोळ्यांत धूर घालतं, आणि तिच्या डोळ्यांत मला आणखी काही घालायचं नाही.

बरं, माझं सांगून झालं. ती पिशवी खाली घ्या आणि थोडे उजवीकडे सरका. चौथी पाळी आली, बाई येतायत.