भट्टीवरची खोली

आप्पांनी उभ्या आयुष्यात दोनच शत्रू मानले, उंदीर आणि ओल. उंदरांचा बंदोबस्त मांजर करायचं. ओलीशी मात्र ते स्वतः लढत. खाली बेकरी आणि वर घर अशी त्यांची वास्तू, आणि भट्टीच्या बरोबर डोक्यावर जी खोली होती तिथे वर्षानुवर्षं मैद्याची पोती रचलेली असत. मैद्याला ओल लागली की गुठळ्या होतात, आणि गुठळ्यांचा पाव गिऱ्हाईक एकदाच नेतं.

मग खाली मागच्या अंगाला नवं कोठार बांधलं, पोती तिकडे गेली आणि भट्टीवरची खोली रिकामी झाली. त्याच सुमाराला घरात सून आली. लग्नात लोक भांडीकुंडी आणतात, हिने टेम्पोभर कुंड्या आणल्या. मोठी खिडकी आणि पायाखालची ऊब बघून तिने ती खोली मागून घेतली. आप्पांना काय, आनंदच झाला. "घे की! मैद्यापेक्षा झाडं बरी. झाडांना उंदीर तरी लागत नाहीत."

सगळ्या कुंड्यांत मानाची कुंडी फर्नची. सुनेच्या आईने स्वतःच्या जुन्या फर्नचा गड्डा फोडून अर्धा लेकीला दिला होता. माहेरी ते झाड दाराएवढं फोफावलेलं. इथे आल्यावर महिन्याभरात त्याची टोकं करपली, मग पानं तपकिरी पडली, आणि हात लावला की चुरा. पाणी वेळेवर, खत बेताचं, ऊन गाळून. तरी रड कायम.

सुनेने आर्द्रता मोजायचं छोटं मीटर आणलं आणि रोग सापडला. भट्टीच्या उष्णतेने खोलीतली हवा पापडासारखी कोरडी झाली होती. झाडाला साठ तरी टक्के हवेत, इथे सकाळी पाहावं तर जेमतेम तीस.

झालं, घर कामाला लागलं. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा ओलीची बाजू घेतली आणि उत्साहाने एक खोल बादली भरून खोलीत ठेवली. मीटर ढिम्म. "अहो आप्पा, बादलीचं तोंड केवढंसं! पाणी पसरट हवं, तर वाफ धरेल," सून म्हणाली. हे त्यांना आधीच सुचायला हवं होतं. मळलेल्या पिठावर सुकी साल धरू नये म्हणून ओलं फडकं अख्ख्या परातीवर पसरतात, कोपऱ्यात ठेवत नाहीत. त्यांनी पावाचे जुने पत्र्याचे ट्रे वर आणले, त्यांत खडे पसरले, पाणी ओतलं. सुनेने कुंड्या एकमेकींना खेटून त्या खड्यांवर बसवल्या, म्हणजे झाडांनी सोडलेली ओल झाडांनाच मिळावी. भिंतीलगत दोरीवर ओली गोणपाटं टांगली. संध्याकाळी मीटर अठ्ठावन्नवर पोचलं तेव्हा आप्पांनी पोराला खालून हाक मारून वर बोलावलं आणि आकडा दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीस. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. संध्याकाळी चढायचं, सकाळी उतरायचं, जसं काही रात्रीतून कोणी घोटाघोटाने हवा पिऊन जात होतं.

तपासाची सूत्रं अर्थातच आप्पांनी हाती घेतली. आधी खिडकीवर संशय. तिच्या फटीत त्यांनी जुन्या पिशव्या कोंबल्या. मग मीटरवर; ते स्वयंपाकघरात नेऊन चहाच्या वाफेवर धरलं, तर बिचारं खरं बोलत होतं. शेवटी पोरावर. "तूच दार उघडं टाकत असशील! लहानपणापासूनची खोड आहे तुझी." पोरगा हसून म्हणाला, "आप्पा, मी पहाटे तुमच्या आधी खाली जातो ते भट्टी पेटवायला. झाडांशी माझं काय वैर?"

शुक्रवारी जेवताना सून शांतपणे म्हणाली, "रविवारी दादा येतोय गाडी घेऊन. फर्न त्याच्याबरोबर परत पाठवते. आईकडे तरी जगेल."

"अगं, इतक्यात?"

"त्याला हे घर मानवत नाही, आप्पा. उगाच कशाला हाल?"

पोराने "सुनेआधी झाडच माहेरी चाललं" असा विनोद केला, पण कोणी हसलं नाही. मानवत नाही हे तिने झाडाबद्दल म्हटलं होतं, हे आप्पांना कळत होतं. पण पाच वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून ह्या घरात बाप-लेक एकमेकांशी मैदा, यीस्ट आणि विजेचं बिल ह्यांपलीकडे बोलत नव्हते, आणि ही पोर आल्यावर जिन्यात गाणं ऐकू यायला लागलं होतं. तिच्या माहेरचं एक झाड आपल्याला जगवता येऊ नये, ह्याची त्यांना लाज वाटली, आणि भीतीही.

शनिवारी पहाटे त्यांनी ठरवलं, खाली जाण्याआधी स्वतः मीटर बघायचं. खालून पीठ मळायच्या यंत्राची घरघर सुरू झाली होती. सुनेच्या दारावरून ते चवड्यांवर गेले, झाडांच्या खोलीत शिरले, दिवा लावला. एकोणसाठ! म्हणजे रात्रभर ओल शाबूत होती. चोर ह्यानंतर येणार. आप्पांना भलताच चेव आला. पोराला सांगून टाकू आणि दबा धरून बसू, असं म्हणत ते वळले, दिवा मालवला, दार ओढता ओढता हात चौकटीबाहेरच्या बटणावर गेला आणि भिंतीतला एक्झॉस्ट पंखा भर्रकन सुरू झाला.

आप्पांनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

काखेत कळसा नि गावाला वळसा! पोती असताना ओल घालवायला, खाली जाताना ह्या दारावरून पंखा लावायचा आणि चहाला वर येताना बंद करायचा, हा वीस-बावीस वर्षांचा शिरस्ता. तोही त्यांचा नव्हे, बायकोचा. ती अंथरुणातूनच विचारायची, "अहो, पंखा लावलात का?" आणि ते जिन्यातून म्हणायचे, "लावला गं." पोती गेली, विचारणारी गेली. हात मात्र अजून तिचंच ऐकत होता, आणि डोक्याला त्याचा पत्ता नव्हता. पोरगा खाली भट्टीशी, सून झोपेत; पंख्याचा आवाज यंत्राच्या घरघरीत बुडून जायचा.

त्यांनी पंखा बंद केला. गप्प बसता आलं असतं; झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्यापासून मीटर साठवर राहिलं असतं आणि ट्रेंची कल्पना आपली म्हणून वर कौतुकही झालं असतं. पण उद्या पहाटे हा हात पुन्हा बटणावर जाणार नाही, ह्याची हमी कोण देणार? हाताचं काही खरं नव्हतं.

चहाच्या वेळी त्यांनी सगळं सांगून टाकलं. बायकोच्या हाकेचंही सांगितलं, जे त्यांनी पोरालाही कधी सांगितलं नव्हतं. पोराने बापाच्या कपात आणखी चहा ओतला. सून आधी खो खो हसली, मग हसता हसता तिने पदराने डोळे टिपले.

"वायर काढून टाकू का त्या पंख्याची?" पोराने विचारलं.

"नको," सून म्हणाली. "राहू दे. मी बघते काय करायचं ते."

रविवारी तिचा दादा आला आणि मऊ पावाच्या चार लाद्या घेऊन गेला. फर्न जिथल्या तिथे राहिलं. करपलेली पानं सुनेने कापून काढली, आणि काही आठवड्यांनी गड्ड्यातून हिरवे, मुठी वळलेले कोंब वर आले. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दाखवायला वर नेऊ लागले, मागे पाव करपला तरी.

आणि आता रोज पहाटे ते झाडांच्या खोलीचं दार ओढून घेतात तेव्हा पलीकडच्या खोलीतून झोपाळू हाक येते, "आप्पा, पंखा नको हं!"

त्याची खरं तर गरज उरलेली नाही. हात केव्हाच शहाणा झालाय. एकदा सुनेला गाढ झोप लागली आणि हाक आली नाही. आप्पा दोन्ही हात खिशात घालून दाराशी उभे राहिले. खाली पोरगा वाट बघत होता, पीठ फुगून परातीबाहेर यायला आलं होतं. ते मुद्दाम खोकले. मग जरा मोठ्याने खोकले.

"आप्पा... पंखा नको हं."

"नाही लावत गं," आप्पा म्हणाले, आणि जिना उतरले.