कार्डाची मागची बाजू

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद आणि झाकण उघडताना कुरकुरणारी. दाराच्या चौकटीतून उरलेले तुकडे जोडून एका सुताराने मला घडवले. तो कामगारांच्या इंग्रजीच्या वर्गाला येत असे. मला सरांच्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, "सर, हिच्यात काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा."

सरांनी माझ्यात शब्दांची घराणी ठेवली. वर्ग छापखान्याच्या माडीवर भरे. खालून उरलेला जाड कागद आणून सरांनी कार्डे कापली आणि प्रत्येकावर एकच लॅटिन मूळ लिहिले. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. "शब्द एकेकटे पाठ करू नका, दमाल," ते म्हणत. "त्यांचं घराणं ओळखा. ट्रान्सपोर्ट, एक्स्पोर्ट, पोर्टर ही सख्खी भावंडं. रिपोर्ट म्हणजे बातमी परत वाहून आणणारा चुलतभाऊ."

'डक्ट' म्हणजे नेणे आणि कंडक्टर म्हणजे सर्वांना सोबत नेणारा, हे कळले तेव्हा वर्गातले बसचे कंडक्टर ताठ बसले. "बघा! आणि आमचा ड्रायव्हर म्हणतो, बस तोच नेतो."

सरांचा एक नियम होता. आपल्या कामाच्या जागी त्या घराण्यातला नवा शब्द भेटला, की तो कार्डाच्या मागे स्वतःच्या हाताने लिहायचा. कुठे भेटला, तेही लिहायचे. चूक झाली तरी सर खोडत नसत. इस्पितळात साफसफाई करणाऱ्या मावशींनी एकदा 'पेड', म्हणजे पाय, या कार्डामागे लिहिले : 'पीडियाट्रिक. लहान मुलांचा वॉर्ड.' सरांनी शेजारी बारीक अक्षरात लिहिले : 'हा पाहुणा. ग्रीक घरचा, तिथे अर्थ मूल.'

"पाहुणा आहे ना?" मावशी हसल्या. "मग राहू दे. हाकलू नका बिचाऱ्याला."

अशी बरीच वर्षे गेली. माझ्या कडा हातांनी गुळगुळीत झाल्या. मग सर गेले आणि त्यांच्या लेकीने, ताईंनी, वर्ग पुढे चालवला. ताईंचे वडिलांवर फार प्रेम होते. त्यांनी प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घातले आणि मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. भेटीला आलेली माणसे म्हणत, "काय मोत्यासारखं अक्षर!" त्यांना फक्त पुढची बाजू दिसत असे. माझी बिजागरी मात्र गंजत चालली होती.

एके दिवशी मावशी कपाटासमोर उभ्या राहिल्या. शस्त्रक्रियागृहात मदतनीस होण्याची परीक्षा त्या दोनदा नापास झाल्या होत्या. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असे. वयाच्या अटीमुळे या खेपेची संधी शेवटची होती.

"ताई, पेटी काढता का जरा?"

"मावशी, छापील पुस्तिका दिलीय ना तुम्हाला?"

"दिलीय हो. पण त्यातले शब्द सकाळी पाठ केले की दुपारी पसार. कार्डावरचे कसे घरचे वाटायचे."

"बाबांच्या हातची आहेत ती. फाटली तर पुन्हा कुठून आणू मी?"

मावशींनी कपाटाच्या काचेवर बोट टेकवले. मग हळूच म्हणाल्या, "पुढची बाजू सरांच्या हातची, ताई. मागची आमच्या हातची आहे. उलटून तरी बघा."

ताईंनी कुलूप उघडले. एक कार्ड पाकिटातून काढून उलटले, मग दुसरे, मग तिसरे. सुताराचे टोकदार अक्षर, कंडक्टरांचे धावते अक्षर, मावशींचा तो पाहुणा. ताई खुर्चीवर बसून बराच वेळ वाचत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "रोज पाच न्या."

कार्डे मावशींच्या खिशातून इस्पितळात जाऊ लागली. परतताना त्यांना जंतुनाशकाचा वास येई, आणि मला तो आवडे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मात्र एक कार्ड गणवेशाबरोबर धुतले गेले. मावशींनी कागदाचा ओला लगदा टेबलावर ठेवला. ते 'सिज', म्हणजे कापणे, या मुळाचे कार्ड होते.

"चूक झाली, ताई. आता बाकीची नेत नाही."

ताईंनी तो लगदा ओंजळीत घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. तरी त्यांनी नवा जाड कागद कापला, त्यावर स्वतःच्या हाताने ते मूळ लिहिले आणि त्यासोबत आणखी चार कार्डे मावशींपुढे सरकवली. "आजची पाच. न्या, आणि मागची बाजू कोरी ठेवू नका."

ते नवे कार्ड दीड महिना परतलेच नाही. मित्रांनो, माझ्या पोटातली ती रिकामी जागा मला सारखी जाणवत होती.

जपणूक म्हणजे कुलूप नव्हे, एवढेच मला तुम्हाला सांगायचे आहे. ज्याला माझी गरज आहे, त्याच्या हातून माझे एखादे कार्ड फाटले तरी चालेल. नवे लिहायला तुमचा हात आहेच.

काल मावशी जिना चढून आल्या आणि त्यांनी ते कार्ड माझ्यात उलटे ठेवले. मागे त्यांच्या अक्षरात पहिलाच शब्द होता : 'इन्सिजन, म्हणजे छेद. शस्त्रक्रियागृह, माझ्या कामाचा पहिला दिवस.'