साहेबांची नसलेली बहीण

"आलं! साहेबाचं वारं आलं!"

समाजमंदिरापुढच्या चिंचेखाली भर दुपारी अख्खं गाव लोटलं होतं. मधोमध चंदन महाराज घुमत होता. मोकळे सोडलेले केस, कपाळभर कुंकू आणि डोळे असे फिरवलेले, की नुसतं पांढरंच दिसावं. त्याचा चेला धुपाटणं हलवत होता. बाया हात जोडून रडत होत्या. कोणी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं.

"मी देवाजी उंदिरवाडे बोलून राह्यलो!" महाराज किंचाळला. "मी मेलो नाई, मले मारलं!"

देवाजी उंदिरवाडे म्हणजे माझे बाबा. चंद्रपूरच्या गुन्हे शाखेतून निवृत्त झालेले. त्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. बाबा उभ्या आयुष्यात कधी आवाज चढवून बोलले नाहीत. मेल्यावर त्यांना एवढा कंठ कसा फुटला, हे फक्त महाराजालाच ठाऊक.

जिवतीच्या डोंगरातलं हे पोर शिपाई म्हणून भरती झालं आणि तपासाच्या जोरावर निरीक्षक झालं. आलापल्लीकडच्या सागवानचोरांना त्यांनी पकडलं, पण कोठडीत कोणावर हात उचलला नाही. "मारलं का माणूस तुमाले पायजे तेच बोलते, खरं नाई बोलत," असं ते म्हणत. घरी मात्र हेच साहेब ड्युटीवर जाण्याआधी माझ्या वेण्या घालत, त्याही एक वर, एक खाली. चेटकीण ठरवून मारलेल्या एका म्हातारीच्या तपासानंतर ते कितीतरी दिवस धड जेवले नव्हते. निवृत्तीनंतर ते सावली तालुक्यातल्या या गावात, आईच्या माहेरी येऊन राहिले आणि हृदयविकारानं दवाखान्यात वारले. मी उशाशीच होते.

अशा माणसाच्या तोंडी शब्द घालून आता एका म्हातारीचा जीव घ्यायचं चाललं होतं.

महाराजानं लिंबू घेतलं, सुरीनं चिरलं. लालभडक रस त्याच्या मनगटावरून ओघळला.

"करणीचं रक्त! सोमारीनं केली!"

सोमारी आमची शेजारीण. एकटी विधवा. बाबा गेल्यापासून रोज आईजवळ येऊन बसायची. आजही ती आईचा हात धरूनच उभी होती. लोक एकदम मागे सरले आणि त्या दोघी मोकळ्या वर्तुळात सापडल्या. माझ्यासमोर एकानं दगड उचलला. कालपर्यंत तिच्याकडून ताक नेणारा माणूस!

"दगड खाली ठेव!" मी ओरडले. मी गडचिरोलीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पण त्या क्षणी माझं कोण ऐकणार? पोलिसांना फोन केला होता, तरी गाडी यायला वेळ होता.

तेवढ्यात आई, रुखमाबाई, पुढे झाली. तिनं महाराजाला हात जोडले. दुःखानं आईसुद्धा यात गुंतली की काय?

"साहेब, तुमी खरंच आले काय?"

"आलो, रुखमे! तुह्यासाठी आलो!"

"मंग एकटेच काऊन आले? तिकडं तुमची बहीण भेटली नाई?"

महाराजानं गदगदून मान हलवली. "भेटली! माही सुंदरा! लहानपणी वैनगंगेत बुडालेली माही बहीण! इथी माह्या बाजूलेच उभी हाय!"

गर्दीतून हुंदके निघाले. आईनं मागे वळून दुखवट्याला आलेल्या थोरल्या काकांना विचारलं, "मुखरूभाऊ, सुंदरा कोण?"

काका गोंधळून गेले. "आमी दोघं भाऊच. आमाले बहीण नोहोतीच, बाई."

"नोहोतीच," आई म्हणाली. आता तिचा आवाज साफ बदलला होता. "सुंदरा मी घडवली. हा धुपाटणंवाला मागच्या हप्त्यात आमच्या घरी आलता. 'साहेबाच्या हाताखाली होतो' म्हणे. रडला मोठा, पण साहेबाची बदली कुठी कुठी झालती, ते त्याले ठाऊक नाई. मले मात्र विचारत राह्यला, साहेब काय खात, तुमाले काय म्हणून हाक मारत. साहेब सांगत, जो लय खोदून विचारते त्याले एक खोटी गोष्ट द्यावी, अन् ती कुठून बाहेर पडते ते पाहावं. मी त्याले बुडालेली सुंदरा सांगितली. आज बाहेर पडली."

चेला धुपाटणं टाकून पळाला; मुखरूकाकांनी त्याला गोठ्यापाशी गाठलं.

महाराज ओरडू लागला, "रक्ताचं काय? लिंबातलं रक्त खोटं काय?"

मी त्याची सुरी उचलली. दुकानातून दोन नवी लिंबं आणवली आणि एक चिरलं. लाल. मग सुरी हापशीखाली घासून धुतली, दुसरं लिंबू चिरलं. साधा, पांढुरका रस.

"जास्वंदीचा रस सुरीला चोळून वाळवलाय. लिंबाचा आंबटपणा लागला की तो लाल होतो. देव नाही, भूत नाही, करणी नाही."

पोलिसांनी नंतर महाराजाच्या तोंडून काढलं, की बाबांनी त्याच्या गुरूला एकदा तुरुंगात धाडलं होतं. भोंदूंना पकडणारा साहेबच मेल्यावर भुताची साक्ष देतो, म्हटल्यावर आसपासची सारी गावं पायाशी येतील, असा त्याचा हिशेब होता. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवून त्याला गाडीत घातलं, तेव्हा तो भर उन्हात थरथरत होता. या वेळी मात्र खरोखर.

लोक पांगू लागले. "आमाले वाटलंच होतं," असं म्हणणारेही निघाले. सोमारीनं त्यांना थांबवलं. दगड उचलणाऱ्याकडे बघत ती म्हणाली,

"रुखमाबाईनं पकडलं म्हणून मी वाचली. नसतं पकडलं, तर तुमी मले मारलं असतं ना?"

माफी कोणी मागितली नाही.

प्रत्येक सोमारीच्या शेजारी डिटेक्टिव्हची बायको राहत नसते. म्हणून हात जोडण्याआधी प्रश्न विचारा, आणि दगड उचलण्याआधी तर विचाराच. तेवढं जमलं नाही, तर खून महाराजाच्या नाही, तुमच्या हातून होईल.