सगळं सांगणारी बाई

"तिले काय इचारस? तिले काय समजस?" सुगंधाबाई मोहिनीच्या कानाशी झुकून पुटपुटल्या. "पोर डोकानी कमीच शे. एकदाव घरम्हाईन गयी का सुटनूत आम्ही. हाई नको सांगू तिले."

मोहिनीचे हात उठले. बैठकीआधीच तिने सगळ्यांना बजावलं होतं, इथे जे बोललं जाईल ते सगळं मी खुणांनी सांगणार, कानात बोललेलंसुद्धा. असलं कुणी मनावर घेत नाही. ऐकू येणाऱ्यांना वाटतं, मुक्यांपुढे काय, काहीही बोलावं.

मुलगी ऋतिका, सुगंधाबाईंची नात. मुलगा पियुष, जळगावच्या एका छापखान्यात कामाला. दोघंही कर्णबधिर. सुपारी फोडण्याआधी मुलीचं म्हणणं नीट कळावं म्हणून पियुषने मोहिनीला धुळ्याला आणलं होतं. घर कुणाचं, हे तिला दारात सुगंधाबाई दिसल्यावर कळलं. बाईंनी मात्र तिला ओळखलं नाही.

वीस-बावीस वर्षांपूर्वी ह्याच बाई नशिराबादला मोहिनीला बघायला आल्या होत्या, आपल्या ललितसाठी. तोच हा, समोर मान खाली घालून बसलेला, ऋतिकाचा बाप. पसंती झाली, पंगत उठली, आणि मग मोहिनीचे आई-वडील एकमेकांशी खुणांनी बोलताना बाईंना दिसले. दोघं मुके आहेत हे मध्यस्थाने लपवलं होतं. आईच्या तोंडावर, हसत हसत, त्या म्हणाल्या, "मुकासना घरनी पोर लयनूत ते नातूबी मुकाच व्हई." पाहुणे गेल्यावर आईने विचारलं, काय म्हणाल्या? मोहिनीने खूण केली, भरीत तिखट झालं म्हणाल्या. आपल्या हातच्या तिखटाने लेकीचं लग्न मोडलं, असं समजतच ती माउली गेली.

मारणारा विसरतो, ज्याला लागतं तो विसरत नाही. मूकबधिर शाळेत मदतनीस असतानाच मोहिनीने दुभाष्याचा अभ्यासक्रम केला. मग नोकरी सोडून स्वतंत्र कामं धरली. आज कोर्ट, उद्या पोलीस ठाणं, परवा कुणाचं बाळंतपण. "एवढं सगळं कशाला सांगता, बाई?" वकील वैतागायचे. ती सांगायचीच. लोकांना ती शिस्त वाटायची. खरं तर तो सूड होता, त्याला माणूस तेवढा मिळाला नव्हता.

आज मिळाला. 'तिला काय विचारतेस'पासून 'घरातून गेली की सुटलो', 'सांगू नको'पर्यंत तिने शब्दन्‌शब्द सांगितला. ऋतिकाने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. मोहिनीच्या काळजाला थंडावा मिळाला. बघ म्हातारे, आता बघ.

"काय सांगी राहिनी तू तिले?"

"तुम्ही बोललात तेच, अक्का."

ऋतिकाचे हात भराभर चालू लागले. दुभाष्याने समोरच्याचं बोलणं 'मी' म्हणूनच बोलायचं असतं. मोहिनी खणखणीत आवाजात बोलू लागली, "मी लहानपणापासून विचारत आले, आजी काय म्हणते? पप्पा अंगठा वर करून दाखवायचे, चांगलं म्हणते. मी आजीचे पाय चेपले. गल्लीतली मुलं मला बघून हसायची, तेव्हा मला वाटायचं, घरात आजी आहे ना."

शेवटाला मोहिनीचा आवाज फाटला. वार केला म्हातारीवर आणि लागला पोरीला. सुडाच्या भरात पोर तिला दिसलीच नव्हती.

सुगंधाबाईंनी तिचा हात धरला. "तिले सांग, मी तसं बोलनूच नही. आजी चांगलंच बोलनी म्हन. सांग व माय."

मोहिनीने हात सोडवला आणि तेही जसंच्या तसं सांगितलं.

ऋतिकाने डोळे पुसले. मग मोहिनीकडे निरखून बघत तिने खूण केली, तुम्ही रागात आहात. आजीने तुमचं काय केलं?

दुभाष्याने मध्ये स्वतःचं काही आणू नये, हे मोहिनी नव्या मुलींना शिकवायची. तरी तिने सांगितलं. पसंतीचं, हसण्याचं, मुक्या नातवाचं. आईला जे कधी सांगवलं नाही, ते वाक्य पहिल्यांदा तिच्या हातांवर आलं. पियुष खिळून बघत राहिला. ऋतिकाने वाक्य पुन्हा सांगायला लावलं, मग पुढे सरकून मोहिनीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"काय म्हनी राहिनी ती?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"काही नाही, अक्का."

सुगंधाबाईंनी ललितकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तोही खुणा शिकला नव्हता. तिघांचे हात पुन्हा चालू झाले, आणि म्हातारी एकेकाच्या तोंडाकडे बघत बसली.