सरकवलेला वार

देवीचा वार आणि आभाळाचा कल माणसाच्या हातात नसतो, असं बेळगुंदीत सगळेच मानतात. त्यातला पहिला यंदाच्या आषाढात दोन कप चहात हातात आला.

कारण मनुबाई. तिच्या उतारावरच्या दीड एकरात रताळ्याच्या सरी सासऱ्याच्या काळापासून वरून खाली ओढल्या जात. पाऊस महिनाभर झिमझिमत असे तोवर ते चालून गेलं. आता तो पंधरा दिवस तोंड दाखवत नाही आणि आला की महिन्याचं काम अर्ध्या तासात उरकतो. गेल्या वर्षी त्यानं वेल तर नेलेच, खालची वीतभर मातीही नेली. यंदा मनुबाईनं सरी आडव्या पाडल्या, तळाशी तळं खोदून त्याला बांध घातला. गावानं येता-जाता कौतुक केलं, "आक्का, होडी कवा आणतीस?"

राहिला होता सांडवा, म्हणजे जादा पाणी बाजूनं काढून द्यायची दगडी वाट. तो नसेल तर भरलेलं तळं बांध फोडणार आणि उरलेली माती घेऊन जाणार. सोमवारी संध्याकाळी शहरात नोकरीला असलेल्या लेकाचा, साईराजचा फोन आला. मोबाईलवर दाखवतंय, उद्या दुपारनंतर एकशे दहा मिलिमीटर.

उद्या मंगळवार, गावदेवीचा वार. त्या दिवशी शिवारात कुणी मातीला लोखंड लावत नाही.

मनुबाई तडक देवळाच्या कट्ट्यावर गेली. पंचांचे म्होरके भावकू तिथं चहा पीत बसले होते.

"अण्णा, उद्याचा वार शुक्रवारी घ्या."

"वार म्हंजे काय बस हाय व्हय आक्का, उशिरानं सोडायला?"

"पाऊस वेळ पाळत न्हाय, मग एकट्या देवीनंच का पाळायची?"

"आणि देवी कोपली तर?"

"माझ्यावर कोपू दे की. मी घरातच असतोय. पण बांध फुटला तर पाणी खाली जातंय. खाली कुणाचं भात हाय?"

खाली भावकूंचं भात होतं. त्यांनी दुसरा चहा सांगितला. तो संपेपर्यंत देवीची काही हरकत नसल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. देवळाच्या भोंग्यावरून तसं जाहीर झालं.

मंगळवारी मनुबाईच्या शेतात अकरा माणसं हजर झाली. होडीवालेही आले. भावकूंनी स्वतः दगड वाहिले आणि प्रत्येक दगडाला देवीचं नाव घेतलं. एक दगड हलत होता, तो मनुबाईनं तीनदा काढून बसवायला लावला.

"आक्का, लई झालं की गं!"

"पाण्याला सांग तसं."

तीनला सांडवा पुरा झाला. आभाळ काळंठिक्कर झालं, वारं सुटलं, माणसं आंब्याखाली पळाली. मनुबाई बांधावरच उभी राहिली, फावडं हातात घेऊन. पाऊस आला.

शाळेच्या पर्जन्यमापकात चार मिलिमीटर भरला.